शेवटचा ग्लास कुठे भरला?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, मुलगा अकरावीत आहे. त्याच्या क्लासमधली दोन पोरं रात्री विजापूर रोडला मोपेडवरून घसरली, दोघंही प्यालेली होती. एकाच्या मांडीत रॉड घातलाय, दुसरा थोडक्यात वाचला. आता कॉलनीतल्या पंधरा-वीस पालकांनी मिळून काहीतरी करायचं ठरवलंय, पण दोन बैठका भांडणातच गेल्या. कुणी म्हणतं पोलिसांना निवेदन द्या, कुणी म्हणतं कोपऱ्यावरचं बिअर शॉप उठवा, कुणी म्हणतं शाळेत व्याख्यान ठेवा.

मी पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली. त्यातली बरीच शहर वाहतूक शाखेत, थोडी ग्रामीणला हायवेवरच्या ठाण्यांत. निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजांत बोलायला जातो, म्हणजे तुमच्या तिसऱ्या पर्यायातला वक्ता बहुतेक मीच असणार. तरीही सांगतो, व्याख्यान सगळ्यात शेवटी ठेवा. का, ते सांगण्याआधी एक रात्र सांगतो.

सात रस्त्याला नाकाबंदी होती. थर्टी फर्स्ट वगैरे काही नाही, साधा शनिवार. साडेअकराच्या सुमाराला एक मोपेड लांबूनच हळू झाली आणि वळून जायच्या बेतात दिसली. हवालदारानं पळत जाऊन चावी काढून घेतली. पोरगं सतरा वर्षांचं, मिसरूड नुकतं फुटलेलं, मागं मित्र. ब्रेथ अ‍ॅनालायझरची नवी नळी त्याच्यासमोर पाकिटातून काढून लावली आणि फुंक म्हटलं. पहिल्यांदा त्यानं फुंकायच्या ऐवजी ओढलं. हे बरेच जण करतात, मित्रांनी शिकवलेलं असतं. दुसऱ्यांदा इतकं बारीक फुंकलं की मशीननं घेतलंच नाही. तिसऱ्यांदा लांब बीप वाजला, आकडा आला 86.

"किती घेतलीस बे?"

"बिअरच की ओ साहेब. एकच."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली 650 मिलिलिटरची, तिच्यात 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. पंचावन्न-साठ किलोच्या पोरानं ती तासाभरात संपवली तर रक्तातला आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात जातो, कधी शंभरच्याही. शरीर ते तासाला साधारण पंधरा या हिशेबानं उतरवतं. म्हणजे एका बिअरनंतर पोरगं पाच-सहा तास गाडीच्या लायकीचं नसतं. लिंबू, कॉफी, डोक्यावर गार पाणी, मूठभर बडीशेप, कशानंही तो आकडा खाली येत नाही, कारण मशीन तोंडाचा वास मोजत नाही, फुप्फुसातून आलेली हवा मोजतं. 'बिअर म्हणजे काय दारू आहे का' असं म्हणणारे बाप मी शेकड्यानं बघितलेत.

तेवढ्यात पोराचा फोन वाजायला लागला, स्क्रीनवर 'पप्पा'. पप्पा वीस मिनिटांत आले. आल्या आल्या पहिलं वाक्य, "साहेब, गाडी तेवढी सोडा, सकाळी मला कारखान्यावर जायचंय." पोराकडं बघितलंसुद्धा नाही. मी विचारलं, चावी कुणी दिली? म्हणाले, "मीच. क्लासला जातो म्हणाला." रात्री साडेअकराला कुठला क्लास, हे मी विचारलं नाही. पोराला बाजूला घेऊन विचारलं, बाटली कुठून आणली? दुकानाबाहेर एक रिक्षावाला उभा असतो म्हणाला. त्याला वरचे वीस रुपये दिले की आणून देतो.

म्हणजे त्या मोपेडवर दोन पोरं दिसत होती, पण त्यांच्या मागं तीन मोठी माणसं होती. चावी देणारा, बाटली आणून देणारा, आणि एकाच रिक्षावाल्याला संध्याकाळी सहाव्यांदा बाटली देताना काहीच न विचारणारा. कागद झाले ते फक्त पोराच्या नावानं.

त्या रात्रीनंतर मी खिशातल्या डायरीत एक रकाना वाढवला, 'शेवटचा ग्लास कुठे'. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या प्रत्येकाला विचारायचं आणि लिहायचं. मोठी माणसं सांगत नाहीत, कोर्टाची भीती असते. पोरं सांगतात. वर्षभरानं डायरी चाळली तर मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. परमिट रूमची नावं जवळजवळ नव्हती, कारण तिथं बसायला पोरांकडं पैसे नसतात. होती ती मोकळी मैदानं, प्लॉटिंग पडलेली शेतं, हायवेचे ढाबे, आणि आई-बाप गावाला गेलेल्या मित्राच्या घराची गच्ची. आणि वाढदिवस. चौकात 'भाईचा बड्डे', वर डिजिटल लागलेलं, गाडीच्या सीटवर केक ठेवून तलवारीनं कापायचा आणि मग सगळी फौज तिघं-तिघं बसून कुठंतरी 'बसायला' जाणार. त्या डिजिटलवर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो असतात त्यांतले निम्मे लायसन्सच्या वयाचे नसतात. जागा आणि नावं थोडीच होती, पुन्हा पुन्हा तीच येत होती. मला शिकण्यासारखं तेवढंच होतं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या, कारण तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच की कायदाच कमजोर आहे. कायदा चांगला कडक आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25. हो, पंचवीस. कॉलेजात विचारलं तर शंभरातल्या नव्वद पोरांना अठरा वाटतं, प्राध्यापकांनाही. शिवाय प्यायला परवाना लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्यापासून. पाच रुपयांत विदेशी दारूचा एक दिवसाचा, दोन रुपयांत देशीचा, हजारात आयुष्यभराचा. तो मागतं कोण, हा भाग वेगळा.

अल्पवयीन मुलाला दारू देणं हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच्यापुढचं कलम 78 तर घरोघरी लावून ठेवण्यासारखं आहे. दारू विकायला, वाहून न्यायला, पोचवायला मुलाचा वापर केला तरी तीच शिक्षा. रविवारी दुपारी मटण शिजत असताना 'जा रे, कोपऱ्यावरून क्वार्टर घेऊन ये, दुकानदाराला माझं नाव सांग' असं म्हणणाऱ्या बापानं हे कलम एकदा शब्दशः वाचावं. तुमच्या पंधरा-वीस पालकांतही असे दोन-तीन निघतील. चिडू नका त्यांच्यावर, पण विषय काढा.

गाडीचं म्हणाल तर सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. दारात उभ्या असतात त्या मोपेड 110 नाहीतर 125 सीसीच्या. त्यामुळं 'लायसन्स आहे की त्याच्याकडं' हे अर्धंच खरं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं, असं म्हणून सुटायचं असेल तर ते पालकालाच सिद्ध करावं लागतं. प्यालेल्या चालकाला कलम 185, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. विम्याचं तर विचारूच नका. लायसन्स नसलेल्या पोरानं कुणाला उडवलं तर कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला येते. फ्लॅट विकलेली माणसं आहेत.

पुण्यात 19 मे 2024 ला कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. लोकांच्या लक्षात राहिला तो जामिनाची अट म्हणून लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध. आम्हा पोलिसवाल्यांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांवर आणि ज्या ठिकाणी त्याला दारू मिळाली तिथल्या लोकांवरही गुन्हे दाखल झाले, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांनाही अटक झाली. चावी, बाटली आणि नमुना, तिन्ही एकदम चव्हाट्यावर आले. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल. पण मोपेडवरच्या पोराच्या बाबतीत हे तीन धागे कुणी ओढत नाही, आणि विजापूर रोडच्या अपघातात तुमच्याकडूनही ते राहिलेत. त्या दोन पोरांनी कुठून आणली, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलेलं नाही. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, त्यात ते कुठंच नाही.

नमुन्यावरून आठवलं. प्यालेल्याला अटक केली की दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. आम्ही यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, देऊन माणूस दवाखान्यात पाठवायचो. तिथं आधीच अपघाताचे पेशंट, प्रसूतीचे पेशंट, आमचा टल्ली झालेला गडी रांगेत शेवटी. एका केसमध्ये रक्त काढायच्या आधी सवयीनं हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला गेला. वकिलानं कोर्टात एवढंच विचारलं, "स्पिरिट म्हणजे काय हो?" केस गेली. दोष त्या बिचाऱ्या नर्सचा नव्हता, बारा तासांची ड्युटी होती तिची. अपघातात जो मरतो किंवा बेशुद्ध होतो त्याच्या रक्ताचं तर लवकर कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून सरकारी अहवालांत दारू हे कारण फार थोड्या अपघातांपुढे लिहिलेलं दिसतं. त्या आकड्यावर विसंबून कुणी 'आपल्याकडं हा प्रश्न मोठा नाही' म्हणालं तर त्याला एक शनिवार रात्र अपघात विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसवा.

आता सोलापुराबद्दल. दारूविरोधात लढणं या गावाला नवीन नाही. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर इथले लोक रुपाभवानीच्या बाजूला शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती, झाडं तोडायला गेले होते. तिथून पेटलं, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले, मार्शल लॉ लागला आणि पुढं चौघांना फाशी झाली. त्यांच्याच चार पुतळ्यांसमोरून आपण रोज जातो. त्या सगळ्याच्या सुरुवातीला शिंदीची झाडं होती, हे शाळेतल्या पोरांना सांगितलं की एकदम कान टवकारतात.

शिंदी अजून आहे, आणि ती मला बिअरपेक्षा जास्त छळते. खरी ताडी किती निघते आणि विकली किती जाते याचा मेळ बसत नाही, मधली भर रसायनानं होते. यात जास्त करून वापरलं जातं ते क्लोरल हायड्रेट, म्हणजे गुंगीचं औषध. पूर्व भागात पोरांना स्वस्तात मिळणारी नशा ती हीच. ब्रेथ अ‍ॅनालायझर अल्कोहोल पकडतो, क्लोरल हायड्रेट पकडत नाही. पोरगं डोळे मिटत समोर उभं आहे आणि मशीन 12 दाखवतंय, असं मी बघितलंय. अशा वेळी मशीनवर भरवसा ठेवून सोडून देणं म्हणजे त्याला ट्रकखाली सोडणंच. कलम 185 मध्ये फक्त दारू नाही, अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवणंही येतं, पण त्याला डॉक्टरची तपासणी आणि रक्त लागतं, आणि तिथं पुन्हा तीच रांग.

ढाब्यांचं दुखणं 2017 पासून वाढलं, असं माझं मत. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2016 मध्ये निकाल दिला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, 1 एप्रिल 2017 पासून. छोट्या गावांसाठी पुढं 220 मीटर केलं, आणि जुलैमध्ये शहर हद्दीतल्या दुकानांना सूट मिळाली. निकाल चांगलाच होता. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळणारं आपलं गाव, त्यामुळं फरक लगेच दिसला. पण दुकानं मागं सरकली आणि प्यायची जागा ढाब्यावर आली. बाटली गावात घ्यायची, ढाब्यावर ग्लास, सोडा आणि चखणा मिळणार. ढाबेवाला म्हणणार, 'मी कुठं विकतो?' त्याला उत्तर दारूबंदी कायद्यातच आहे. कलम 68 खाली विनापरवाना दारूचा अड्डा चालवल्याबद्दल मालक, आणि 84 खाली तिथं पिताना सापडलेलं गिऱ्हाईक. आपल्या जिल्ह्यात उत्पादन शुल्कवाल्यांनी या दोन कलमांखाली ढाब्यांवर कारवाया केल्या, टेबलावरच्या माणसांनाही कोर्टात उभं केलं. गिऱ्हाईक कोर्टात उभं राहिलं की ढाब्याचा धंदा आपोआप बसतो. रस्त्यावर शंभर जण फुंकवण्यापेक्षा अशी एक धाड जास्त काम करते, असं मी वाहतुकीचा माणूस असून म्हणतो.

आणि हातभट्टी. तिथं वय विचारायचा प्रश्नच येत नाही. आमच्या नोकरीत वर्षानुवर्षं एकच पद्धत होती. तांड्यावर धाड घालायची, बॅरल फोडायचे, गूळमिश्रित रसायन ओतून द्यायचं, पंचनामा करायचा, आठवड्यानं भट्टी पुन्हा चालू. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं तेव्हा आम्ही जुने लोक मनात हसलो होतो. हातभट्टीची गावं एकेका अधिकाऱ्यानं दत्तक घ्यायची, धाडी तर घालायच्याच, पण त्या कुटुंबाला दुसरा धंदा मिळेपर्यंत मागं लागायचं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी, जिथं पोलिसाची गाडी दिसली की बाया-पोरं पळायची, तिथं अधिकारी चहा प्यायला लागले. सगळ्या भट्ट्या कायमच्या विझल्या असं मी म्हणणार नाही. पण भट्टी लावणाऱ्याच्या घरी पुन्हा पुन्हा जायचं, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. तुमच्या पालकांच्या गटानं त्यातलं एवढंच उचललं तरी पुष्कळ. एका जागेवर एकदा जाऊन फोटो काढून परत येऊ नका, दर पंधरा दिवसांनी जा.

बिअर शॉप उठवायचं म्हणाल तर रस्ता आहे. 25 मार्च 2008 चा शासन आदेश. गावात किंवा वॉर्डात 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्यांची पडताळणी होते आणि मतदान घेतलं जातं. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. पण जिंकायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. लग्न होऊन गेलेल्या, पुण्याला राहायला गेलेल्या, वारलेल्या, सगळ्या यादीत असतात. खेड्यात हे जमतं, बायका एकमेकींना ओढून आणतात. शहरातल्या वॉर्डात फार अवघड. आणि जमलं तरी पलीकडच्या वॉर्डातलं दुकान पाच मिनिटांवर आहे, पोरांकडं मोपेड आहे. दुकानासमोर रोजची भांडणं, शेजारी शाळा, बायकांना चालणं मुश्कील, असं काही असेल तर जरूर लढा. पोरांच्या पिण्यावर उपाय म्हणून वर्षभराची ताकद तिथं घालू नका.

नाकाबंदीबद्दल तुमच्या मनात जे चित्र आहे तेही थोडं दुरुस्त करतो. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स राज्यानं डिसेंबर 1982 पासून पॉइंटवर थांबवलेल्या कुठल्याही चालकाला फुंकायला लावायचं सुरू केलं, वास येवो न येवो. कुठं, कधी पॉइंट लागेल सांगता येत नाही, ही भीती बसली आणि रस्त्यावरचे बळी उतरले. आपल्या कलम 203 मध्ये शंकेला वाजवी कारण लागतं, म्हणून आम्ही थांबवून दोन वाक्यं बोलतो, वास घेतो, डोळे बघतो, मग नळी. यात वेळ जातो, पोरं तेवढ्यात पॉइंटचं लोकेशन ग्रुपवर टाकतात. एकाच जागी तीन तास उभी राहिलेली नाकाबंदी पहिल्या वीस मिनिटांतच संपलेली असते. त्यामुळं पोलिसांकडं 'नाकाबंदी वाढवा' असं मागू नका. जागा बदलती ठेवा, शनिवारी दहा ते बारा या वेळेत मैदानातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर ठेवा, असं मागा. मागणी जितकी नेमकी, तितकी ती फाइलमध्ये बुडणं अवघड. हे गाव मनात आणलं तर रस्ता सांभाळतं हो. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी अख्खा रस्ता वाहनांना बंद होतो, लाखो माणसं रात्रभर चालतात.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. नोकरीच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत प्यालेलं पोरगं सापडलं की मी कानाखाली एक ठेवून द्यायचो, बापाला फोन लावायचो आणि सोडायचो. वाटायचं, पोराचं आयुष्य कशाला खराब करा. लोकही म्हणायचे, साहेब माणुसकीचे आहेत. त्यातलाच एक, मोहोळकडचा, डिसेंबरातल्या एका रात्री उसाच्या ट्रॉलीत मागून घुसला. गळीत हंगाम, दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, पुढं ट्रॅक्टरवर टेप जोरात. धडकलेलं ट्रॅक्टरवाल्याला अर्धा किलोमीटर कळलंच नाही. पंचनाम्याला मीच होतो. तोंड ओळखू येत नव्हतं, हातातल्या कड्यावरून ओळखलं, कारण तीन-चार महिन्यांपूर्वी तेच कडं मी काढायला लावून त्याला थप्पड मारली होती. त्या पहिल्या रात्री कागद केले असते तर गाडी अडकली असती, बापाला कोर्टात यावं लागलं असतं, कदाचित चावी कपाटात गेली असती. अल्पवयीन मुलाला आम्ही लॉकअपमध्ये टाकत नाही, बेड्या घालत नाही. बाल कल्याण अधिकारी असतो, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, तिथं समुपदेशनाचा आदेश होऊ शकतो. 'केस झाली की पोराचं वाटोळं' ही समजूत आधी मलाच सोडावी लागली. त्यामुळं तुमच्यापैकी कुणाचं पोरगं सापडलं तर नगरसेवकाला फोन लावू नका.

आता तुमचं काम. पुढच्या बैठकीत घोषणा, बॅनर, गटाचं नाव यावर वेळ घालवू नका. प्रत्येकानं आपल्या मुलाला, मुलीलाही, एकच प्रश्न विचारून यायचं, कोण पितं ते नको, कुठून मिळते ते सांग. नावं घेणार नाही म्हटलं की मुलं सांगतात. बाटली कुठून, कोण आणून देतं, कुठं बसतात, कुठल्या वारी, किती वाजता. पंधरा घरांतून उत्तरं आली की त्याच तीन-चार जागा पुन्हा पुन्हा येतील, बघा.

घरात चावीची जागा बदला. खिळ्यावर टांगलेली चावी कुणाचीच नसते. आणि मुलाशी एक करार करा. रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन केलास तर मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी बोला, हवं तेवढं. आपल्याकडं रात्री उशिरा सिटीबस नाही, रिक्षा मिळाली तर तोंडाला येईल तो भाव सांगते, म्हणून पोरगं प्यालेल्या मित्राच्या मागं बसतं. तुमच्या त्या दोघांतला मागचाही तसाच बसला असेल. पाच-सहा बापांनी शनिवारी आळीपाळीनं फोन उशाशी ठेवायचं ठरवलं तर हा प्रश्न बराच सुटतो. ज्या मुलाचं पिणं सवयीच्या पुढं गेलंय त्याला मारू नका, 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फोन आईनं केला तरी चालतो. समोर आत्ता काही चालू असेल तर 112.

मग ती उत्तरं घेऊन निवेदन करा. एका पानाचं, सह्या वेगळ्या कागदावर. एक प्रत पोलीस आयुक्तालयात वाहतूक शाखेला, एक राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच असतात आणि त्या समितीच्या बैठकीत आरटीओ, बांधकाम खातं, पोलीस सगळे एका टेबलाला असतात. जागा हद्दीबाहेरची असेल तर प्रत ग्रामीणच्या अधीक्षकांनाही, नाहीतर हद्दीच्या वादात महिना जाईल. निवेदनात 'युवा पिढी व्यसनाधीन होत आहे' असलं काही लिहू नका, ते वाचून कुणी जागचं हलत नाही. अमुक प्लॉटिंगच्या मागं, शनिवारी, नऊ ते अकरा, अमुक दुकानाबाहेरून बाटली आणून दिली जाते, एवढं लिहा. दोन महिन्यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि विचारा, गेल्या वर्षात कलम 199अ खाली किती पालकांवर आणि कलम 77 खाली किती विक्रेत्यांवर गुन्हे नोंदवले. उत्तर आलं की व्याख्यान ठेवा, मी येतो, ते उत्तरच वाचून दाखवू.

निवेदन द्यायला जाल तेव्हा जास्तीची एक प्रत न्या. आवक-जावकला शिक्का आणि नंबर घ्या. साहेब जागेवर नाहीत, उद्या या, असं म्हणतील. शिक्का मारायला साहेब लागत नाहीत.